झाडून ठेवलेलं जंगल

नगरपालिकेच्या जंगलावर तो बावीस वर्षं रखवालदार होता. हाताला स्वच्छतेची भारी खोड. वठलेलं झाड दिसलं की तोड, पडलेलं खोड दिसलं की ओढून बाहेर काढ, झुडपं मुळासकट उपट. पालिकेचे सभासद फिरायला आले की म्हणायचे, "जंगल आहे की दिवाणखाना?" आणि त्याची छाती फुगायची.

त्याच्या आधी ही नोकरी त्याच्या सासऱ्यांकडे होती. ती सोपवताना ते म्हणाले होते, "जावईबापू, पडलेलं झाड पडूनच राहू द्या. त्यात कोणाचा संसार असतो, आपल्याला काय ठाऊक." म्हाताऱ्याला कामाचा कंटाळा, एवढंच त्याने त्यातून घेतलं.

मग सरकारने पालिकांच्या जंगलांसाठी निधी जाहीर केला. प्राणीपक्ष्यांना राहण्याजोगी जागा तयार करायची होती. पाहणीला एक बाई आल्या. दोन दिवस त्याच्याबरोबर पायपीट करून त्या एका बुंध्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "घुबडाला पोकळ खोड नाही, सशाला आडोसा नाही. इतकं साफ कोणी केलं?"

"आधीच्या रखवालदारांनी," तो म्हणाला. "त्यांची जुनी पद्धत, तीच पुढे चालत आली."

बाईंनी ते लिहून घेतलं.

निधी मंजूर झाला. पालिकेच्या सभेत अहवाल वाचला जाणार होता, म्हणून नवऱ्याचं कौतुक ऐकायला बायको मुद्दाम येऊन बसली होती. 'पूर्वीच्या रखवालदारांच्या अज्ञानामुळे जंगलाची हानी झाली,' हे वाक्य आलं तेव्हा ती जागची हलली नाही. त्याने मात्र मान खाली घातली, ती सभा संपेपर्यंत.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता ती म्हणाली, "बाबांना मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

चार दिवस त्याने चालढकल केली. मग गेला. सासरे खिडकीपाशी बसून छत्रीची काडी बसवत होते. त्याने सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. सासऱ्यांनी काडी बसवली, छत्री उघडून पाहिली, मिटली.

"कागदावर आलं?"

"आलं."

"मग कागदावरूनच काढा. माझ्यापाशी येऊन काय उपयोग?"

मुख्याधिकारी वैतागले. "पैसे आलेत ना? आता कशाला उकरून काढताय?" तरी त्याने चार ओळी लिहून दिल्याच: साफसफाई मी केली, आधीच्या रखवालदारांनी नाही, त्यांनी मला अडवलं होतं. पुढच्या सभेत त्या वाचल्या गेल्या. मागे कोणीतरी हसलं. त्याचे कान तापले, पण उठून जायची सोय नव्हती.

निधीतून काम निघालं ते उलटंच. बाहेरून खोडं आणून जंगलात टाकायची, झुडपं वाढू द्यायची. कुठे काय होतं हे आठवणारा माणूस एकच. बाईंनी सासऱ्यांना गाडीने आणवलं. ते काठीने जागा दाखवत, मजुरांशी बोलत, बाईंशी हसून बोलत. जावयाशी कामापुरतं: "इथे. नाही, आडवं."

तो निमूटपणे ओढत राहिला. संध्याकाळी त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. सासऱ्यांनी घेतला, प्यायले, तांब्या परत दिला.

तिसऱ्या वर्षी एका पोकळ खोडात घुबडाची जोडी दिसली. बाईंनी त्याचं अभिनंदन केलं.

"जागा सासऱ्यांनी दाखवली," तो म्हणाला, आणि बाईंनी पुढे केलेला हात त्याच्याने धरवला नाही.