देशीच्या दुकानासमोरची माझी ड्यूटी

मी तिसरी पास. चौथीत मास्तरांशी वाद झाला. त्यांनी माफी मागितली नाही, म्हणून मी शाळेत गेलो नाही. पुढं चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, एक भिंत ओळंब्याबाहेर जाऊ दिली नाही. दारूचा थेंबही तोंडात घेतला नाही, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगत असे. अशा माणसाचा एकुलता एक पोरगा दारूत वाकडा व्हावा!

व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर त्याला नाशकातल्या अंबडच्या कंपनीनं परत कामावर घेतलं. सूनबाई मात्र नातीला घेऊन नामपूरला माहेरीच होती. व्याह्यांचा निरोप होता, घर कोरडं झाल्याशिवाय पोरगी पाठवणार नाही.

अडचण अशी, की कंपनीची बस पोराला सोडायची ती बरोबर देशी दारूच्या दुकानासमोर. मी ठरवलं, रोज साडेतीनला तिथल्या ओट्यावर जाऊन बसायचं. बाप समोर दिसला की पाय तिकडं वळायचे नाहीत.

बायको म्हणाली, "राखण पोराची करताय का दुकानाची?"

मी चप्पल घातली आणि निघालो.

नुसतं किती बसणार? शेजारच्या गाडीवरून फुटाणे घ्यायचो. आठ दिवसांनी गाडीवाल्या बाईला राहवेना.

"बाबा, रोज चकणा घेता आन् आत काय जात नाय. डाक्टरनी बंद केली व्हय?"

"मी पीत नाही!"

"सगळे आसंच म्हणत्यात," ती म्हणाली, आणि दया येऊन मूठभर जास्त टाकले.

दुकानातली नेहमीची गिऱ्हाइकं मला राम राम घालू लागली. एक जण तर माझ्यासाठी ओट्यावर जागा धरून ठेवायचा.

बस आली की मी पोराच्या अगदी तोंडाजवळ जाऊन विचारायचो, "भूक लागली का रे?" मला त्याच्या भुकेशी काही देणंघेणं नव्हतं, वास घ्यायचा होता.

"आण्णा, विश्वास नाही ना माझ्यावर?"

"मी फुटाण्यांसाठी येतो. इथले लय चांगले असतात."

एक दिवस व्याही न सांगता नाशकात आले. जावई खरंच कामावर जातो का, ते बघायला. रिक्षातून उतरले ते थेट माझ्या पुढ्यात. मी ओट्यावर, हातात फुटाण्याची पुडी, आणि जागा धरणारा तो भला माणूस माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेला.

"हाई काय शे, व्याही?"

खरं सांगायचं, तर पोरावर माझा भरवसा नाही म्हणून बसलोय, असं म्हणावं लागणार. ज्याच्यावर बापाचाच भरवसा नाही, त्याच्या घरी पोरगी कोण पाठवील? तेवढ्यात बस थांबली आणि पोरगा येऊन मागं उभा राहिला.

"घेतो कधीमधी," मी म्हणालो. उभ्या जन्मात एवढं कडू काही तोंडातून गेलं नव्हतं.

"आण्णा, अहो..."

"तू गप! मोठ्यांच्यात बोलायचं नाही."

बत्तीस वर्षांचा घोडा, पण गप झाला.

"आते समजनं माले," व्याही म्हणाले. "जावईना दोष नही. हाई तुमना वारसा शे!" असल्या बापाच्या घरात राहूनही सुधारला, म्हणून त्यांनी जावयाची पाठ थोपटली. पोरीला पाठवायला तयार झाले, पण एका अटीवर: दर रविवारी जावयानं मलाही केंद्राच्या बैठकीला न्यायचं.

घराच्या दाराशी पोरगा म्हणाला, "उद्यापासून तिथं बसू नका."

"मग फुटाणे?"

"मी आणतो."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तो पाऊण तास घरात काढणं चाळीस वर्षांच्या गवंडीकामापेक्षा जड गेलं. सव्वाचारला तो आला. हातात पुडी, अजून कोमट.

"बाई विचारत होती, बाबा गेले का काय?"

मी एक फुटाणा तोंडात टाकला. भूक लागली का, ते मात्र विचारलं नाही.

सूनबाई आली, नात आली. खरं काय ते सांगायचं नाही, अशी मी पोराला शपथ घातलीय. रविवारी आम्ही दोघं बैठकीला जातो. आपापले कोरडे दिवस सांगायचे असतात. पोरगा त्याचे सांगतो. माझी पाळी आली की मी म्हणतो, "एकाहत्तर वर्षं," आणि सगळे पोट धरून हसतात.

आणि संध्याकाळी मी ओसरीवर टेकलो, की सूनबाई पदर सावरत माझ्या अगदी तोंडाजवळ येते.

"आण्णा, भूक लागली का?"

मी छाती भरून श्वास घेतो आणि सगळा सोडतो. समोर पोरगा ताटात मान घालून हसत असतो.