जीपचा दम आणि नाथाजीचा कान

नाथाजी फौजेतून सुटला तो नायक म्हणून. पण आमच्या गल्लीत त्याची वळकटी उतरली त्याच दिवशी तो मेजर झाला. बढती द्यायला गावाच्या बापाचं काय जातं? गडी मूळचा म्हसवडकडचा. अठरा वर्षं लष्कराच्या गाड्या हाकून, एकाहत्तरची लढाई उरकल्यावर पेन्शनीत निघाला. घरच्या जमिनीत दगडांशिवाय काही उगवत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो बायकोला, राहीबाईला, घेऊन सांगलीपासून सात मैलांवर आमच्या गावात आला आणि रामगोंडा पाटलांच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून चिकटला.

पाटील जैन. ऊस भरपूर, बोलणं मोजकं. ती जीपही त्यांनी लष्कराच्या लिलावातूनच उचललेली. गाडी आणि ड्रायव्हर, दोघं एकाच खात्यातले पेन्शनर. आमच्याकडची टवाळ मंडळी म्हणायची, सकाळी दोघांपैकी आधी कोण खोकतं बघा.

नाथाजीचा कान म्हणजे गावाला एक कौतुक होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरलाही इतका भाव खाता येत नसे. "तिसऱ्या नंबरचा वॉल्व्ह हाय," असं म्हणून तो डोळे उघडायचा, आणि निघायचाही तिसराच. पिठाच्या गिरणीचं इंजिन कुरकुरलं तरी आधी मेजरला बोलावणं जायचं, मग मिस्त्रीला.

आणि चौऱ्याहत्तर सालच्या आषाढात त्या जीपनं दम टाकायला सुरुवात केली.

रोज टाकला असता तर बरं झालं असतं. पण नाही. सांगलीला जाऊन यायची ती मजेत. कोल्हापूरला निघाली की वीस-बावीस मैलांवर आधी आचके, मग चढाला धाप, मग गप्प. नाथाजी उतरायचा, सीटची गादी उचलायचा, खालच्या टाकीचं झाकण काढून काडीनं पेट्रोल बघायचा, कारण काटा केव्हाच मेलेला. पेट्रोल असायचंच. मग तो बॉनेट उघडून प्लग पुसायचा. सेल्फ मारला की गाडी सुरू, आणि अशी पळायची की मघाशी बंद पडली ती दुसरीच कुणी असावी.

"प्लगच व्हता," नाथाजी म्हणायचा.

पुढच्या आठवड्यात प्लग नवे आणि गाडी पुन्हा रस्त्यात उभी. मग कंडेन्सर बदलला. मग कार्बोरेटर खोलून जेट फुंकला. मग पेट्रोलचा पंप तापतोय म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळलं. दर वेळी रस्त्यावर गाडी सुरू व्हायची, दर वेळी नाथाजीला रोग सापडायचा, आणि चार दिवसांनी तो रोग खोटा ठरायचा. मिरजेला गेली तेव्हा बंद पडली नाही. जयसिंगपूरला पडली. त्याच रस्त्यानं परत नेली, तर वाटेत पेट्रोल भरायला थांबली आणि पुढं घरापर्यंत सरळ आली. नाथाजीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारल्या आणि त्या फुल्यांकडं तो कोडं पडल्यासारखा बघत बसायचा. बुधवारी पडते म्हणावं तर शुक्रवारीही पडलेली. पाऊस असताना पडते म्हणावं तर उन्हातही पडलेली.

"आवं, दृष्ट लागलीया तिला," राहीबाई म्हणाली. "लिंबू-मिरची बांधा."

"इंजिनाला कसली दृष्ट?" तो खेकसला. दुसऱ्या दिवशी पुढं लिंबू-मिरची लोंबत होती, आणि गाडी आष्ट्याच्या पुढं उभी होती.

सांगलीच्या लालासाहेब मिस्त्रीकडं नेली. तिथं दोन तास इंजिन चालू ठेवलं, बॉनेट उघडं टाकून. मधेमधे लालासाहेबनं टाकीत काडी घालून पेट्रोल बघितलं. गाडीनं साधी शिंकसुद्धा दिली नाही.

"मेजर, गाडी ठणठणीत हाय," लालासाहेब हात पुसत म्हणाला. "आता तुमालाच खोलून बघू काय?"

सगळं गॅरेज हसलं. नाथाजीही हसला, पण ते हसू त्याला घरापर्यंत टोचत राहिलं. कारण तो विनोद त्याच्या नेमक्या दुखऱ्या जागी बसला होता.

गोष्ट अशी होती. त्याआधीच्या पावसाळ्यात एकदा दिवेलागणीला ओट्यावर बसून तो राहीबाईला म्हणाला होता, "औंदा रातकिडं कुटं गेलं गं? फवारणीनं मेलं काय?" राहीबाई हातातलं सूप ठेवून त्याच्याकडं बघतच राहिली. "आवं, एवढं कल्ला करत्यात की!" इंजिनाची धडधड त्याला ऐकू येत होती, माणसांचं बोलणं येत होतं, ट्रकचा हॉर्न येत होता. मग किडे तेवढे का नाहीत, हे त्याला कळेना. लढाईत तोफांच्या मागं दारूगोळ्याचे ट्रक उभे करून त्यानं महिना काढला होता. तेव्हा कानात जी शिट्टी वाजायला लागली ती कधी थांबली, हेही त्याला आठवेना. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. राहीबाईला तर शपथच घातली. आणि राहीबाईनं शपथ पाळली, म्हणजे शेजारी-पाजारी सोडून कुणाला सांगितलं नाही.

जीप बिघडली त्या आषाढापासून तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा, पण मिटल्या डोळ्यांआड घाबरलेला असायचा. रोग गाडीत आहे की आपल्यात? इंजिन काही सांगत असेल आणि आपल्यालाच ते ऐकू येत नसेल तर? कान गेलेला ड्रायव्हर कोण ठेवील? रामगोंडा अण्णा तोंडानं काही बोलणार नाहीत, पण एक दिवस नवा गडी चाक धरून बसलेला दिसेल. मग परत म्हसवड आणि ते दगड.

भाद्रपदात आक्काताईंनी फर्मान काढलं. आक्काताई म्हणजे रामगोंडांच्या आई. वय सत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. फलटणला मुनिमहाराजांचा चातुर्मास चालू होता, आणि त्यांना दर्शनाला जायचं होतं.

"यस्टीनं जाऊ आक्का," रामगोंडा म्हणाले.

"यस्टीत माझं गुडघं कोण वाकवंल? जीप हाय की दारात."

रामगोंडांनी नाथाजीकडं बघितलं. "मेजर, फलटण लय लांब हाय. वाटंत थांबली तर मी ती भंगारात घालणार. सांगून ठेवतो."

भंगारात फक्त जीप जाणार नव्हती, हे नाथाजीला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यानं दोन दिवस खपून प्लग, पॉइंट, पंप, नळी, सगळं पुन्हा एकदा पाहिलं. फक्त टाकीच्या झाकणाकडं पाहिलं नाही, कारण ते त्यानं पहिल्याच दिवशी खोडून टाकलं होतं. फौजेतल्या उस्तादानं शिकवलेलं त्याला पाठ होतं: झाकणाला बारीक भोक असतं, पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत जाते. भोक बुजलं तर टाकी चोखल्यासारखी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. ओळखायचं कसं? झाकण उघडताना सूं करून हवा आत शिरते. नाथाजीनं प्रत्येक वेळी झाकण उघडलं होतं. एकदाही सूं झालं नव्हतं.

पहाटेच निघाले. आक्काताई पुढं नाथाजीच्या शेजारी, रामगोंडा मागं. इस्लामपूर गेलं, नाथाजीचा जीव भांड्यात पडेना. पेठ नाका गेला. कासेगावच्या अलीकडं जीपनं पहिला आचका दिला. दुसरा आचका. धाप. गाडी बाभळीखाली जाऊन मुकाट उभी राहिली.

रामगोंडा उतरून रस्त्याकडं पाठ करून उभे राहिले. हे त्यांचं नेहमीचंच. गाडी थांबली की सगळे उतरून लांब जायचे, बिड्या ओढायचे, आणि नाथाजी एकटा गाडीशी झटायचा. आज मात्र आक्काताई गुडघ्यांमुळं जागच्या हलल्या नाहीत.

नाथाजीनं गादी उचलली, झाकणाला पीळ दिला आणि काढलं.

"अगं बया, साप!" आक्काताई ओरडल्या. दोन्ही गेलेले गुडघे त्यांनी असे वर घेतले की गावात कुणी विश्वास ठेवला नसता. "रामगोंडा, गाडीत साप हाय! नाथाजी, मारू नगं रं! चातुर्मास हाय, त्याला मारू नगं, जाऊ दे!"

नाथाजी झाकण हातात धरून तसाच उभा. "कुटं हाय साप?"

"तुझ्या हाताखाली! केवढ्यांदा फुसकारला!"

"आक्का, साप न्हाई. मी नुसतं झाकण काढलं."

"आरं, तू झाकण काढलंस तवाच फुसकारला की! सूंऽऽ करून! लांब उभं राहून रामगोंडाला ऐकू आलं असंल. काय रं?"

"आलं," रामगोंडा जवळ येत म्हणाले. "मोठं आलं."

नाथाजीनं हातातलं झाकण उलटं केलं, सुलटं केलं. भोकाच्या जागी काहीतरी घट्ट, पिवळट बसलेलं होतं. नखानं निघेना. रोग सापडला होता. पण ज्याला रोग सापडला त्या माणसाचा चेहरा असा उतरलेला नसतो.

"हे काय भरलंय ह्यात?" त्यानं विचारलं.

आक्काताईंनी मान लांब करून पाहिलं आणि पदर सावरला. "त्यो डिंक हाय. बाभळीचा. कापूस लावून मीच बसवलाय, चातुर्मास लागला तवा. गाडी गुळाच्या ढेपांशेजारी उभी असती, त्या भोकातनं मुंग्या आत उतरत व्हत्या. पेट्रोलात पडून मरायच्या बिचाऱ्या. तेवढ्या एका भोकानं गाडीचं काय आडतंय?"

"आक्का!" रामगोंडा कपाळावर हात मारत म्हणाले. आणि मग मूळ प्रश्न आला. रागानं नव्हे, खरंच कळेना म्हणून. "पर मेजर, एवढं दोन म्हयनं तुमी झाकण उघडताय. तुमाला कवाच ऐकू आलं न्हाई?"

नाथाजीनं काय काय सांगता आलं असतं! वारा होता, ट्रक जात होता, लक्ष नव्हतं. पण दोन महिने त्या रोगाच्या मागं फिरून तो इतका घोळात पडला होता की आणखी एक खोटं कारण त्याला पेलवेना.

"न्हाई आलं, अण्णा," तो म्हणाला. "आजबी न्हाई आलं. बारीक आवाज येत न्हाईत मला. वरीस झालं."

रामगोंडांनी बॉनेटला पाठ टेकली.

"ट्रकचा हॉर्न येतो?"

"येतो."

"माणसाची हाक?"

"येती."

"सायकलची घंटी?"

"न्हाई."

"मग सायकलवाल्यापास्नं जरा लांबनं घेत जावा," रामगोंडा म्हणाले आणि मागं चढून बसले. हे ठेवलं म्हणायचं की फलटणपुरतं सांभाळून घेतलं, हे नाथाजीला उमगेना. विचारायची छाती होईना.

त्यानं तारेनं डिंक टोकरून काढला आणि गाडी सुरू केली. मलकापूर गेलं, कराड गेलं, साताऱ्याकडच्या चढाला जीप गात चढली. हिशेबानं नाथाजीनं तिथं खुशीत यायला हवं होतं. पण शेजारी आक्काताई. डिंकाचं पाप धुऊन काढायचं म्हणून त्यांनी जगातले सगळे बारीक आवाज त्याला पोचवायचा वसा घेतला होता. "डावीकडं घंटी वाजली. चिमणी वरडली. मागं माझं डबं वाजत्यात, ती गाडी न्हवं." नाथाजी प्रत्येकाला "व्हय आक्का" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय नेत होता.

कोरेगाव मागं पडल्यावर त्या एकाएकी बोलायच्या थांबल्या. मैलभर गेला. दोन मैल गेले.

"आक्का," नाथाजीनं हळूच विचारलं, "आता कसला आवाज येतोय?"

"कसलाबी न्हाई."

नाथाजी आणखीच गोंधळला. खरंच कसला नव्हता, की सत्तरीच्या आक्काताईंनाही तो येत नव्हता? त्यानं आरशातून मागं बघितलं. रामगोंडा मान खाली टाकून झोपले होते. मग त्यानं वेग थोडा कमी केला आणि दिसेल त्या सायकलवाल्याला शेतातून जावं तितक्या लांबनं वळसा घालत जीप फलटणकडं नेली.