वाळ्याएवढं दार

वाळलेल्या भोपळ्याच्या पोटात बिया हलतात, तो आवाज अजूनही मला दुपारच्या झोपेतून उठवतो. कोरडा, दबका, बंद खोलीत बसून कुणी मुठीतले दाणे एका हातातून दुसऱ्या हातात ओतत असावं, असा.

कोल्हापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला मागे एक पडवी होती. संक्रांत झाली की तिथे ओळीनं कडू भोपळे टांगलेले असत. ते शिरोळकडच्या मळ्यातून मामा पाठवायचा. एसटीच्या टपावरून पोतं उतरायचं आणि ओळखीचा कंडक्टर खालूनच ओरडायचा, "आली बघा पाखरांची घरं!" मामा मात्र कधी यायचा नाही. आई त्याला बोलवायची नाही. त्याचं कारण घरात सर्वांना ठाऊक होतं, आणि खरं कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, फक्त मला आणि मामाला.

माझी ताई मामाच्या विहिरीत बुडाली, तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मी नऊ. आजोळी आम्ही सगळी मुलं पाठीला भोपळा बांधूनच पोहायला शिकायचो. भोपळा बांधायचं काम मामाचं. त्याची गाठ सोडवायला अखेर दात लावावे लागत. त्या दिवशी मळ्यातलं इंजिन बंद पडलं म्हणून तो वर गेला. जाताना म्हणाला, "मी येईस्तवर पाण्यात उतरू नगासा." ताईला कुठला धीर! तिनं पाठ माझ्याकडे केली.

"आवळ की गं. म्हशीगत बघत काय बसलीयास?"

मला एकच गाठ येत होती. शाळेत जाताना वेणीला बांधतात ती, रिबिनीची, दोन पाकळ्यांची. काथ्याच्या जाड दोरीला मी ती बांधली, आणि दोन्ही पाकळ्या सारख्या दिसाव्यात म्हणून ओढून नीट केल्या. तेवढ्यात ताई पायरीवरून उडी मारून गेली.

भोपळा एकटाच वर आला. संथपणे गिरकी घेत तो विहिरीच्या मध्यावर गेला. मी ओरडले. मामा धावत आला, कपड्यांनिशी पाण्यात पडला. त्याला फार वेळ लागला. ताईला त्यानं पायरीवर निजवलं तेव्हा तिच्या वेणीतली रिबीन जागच्या जागी होती.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. दोरी कुणी बांधली, असं कुणीतरी विचारलं. मामानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. "म्याच," तो म्हणाला. "घाई झाली." आई ती ओली दोरी मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत बसली होती.

मी गप्प राहिले. भीती होतीच, पण त्या भीतीखाली, आजही लिहिताना हात अडखळावा असा, एक सुटकेचा निःश्वासही होता.

आईनं त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. भाऊबीजेला ती पडवीच्या पायरीवर उभी राहून चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. निरांजनाचा उजेड तिच्या हनुवटीवर हलत राहायचा आणि मी भिंतीला टेकून पायाची नखं मोजायची.

पुढच्या वर्षी पहिलं पोतं आलं. त्यात चिठ्ठी नव्हती. आई त्या भोपळ्यांसमोर दुपारभर बसून राहिली. मग उठून तिनं शेगडी पेटवली आणि म्हणाली, "सबंध भोपळा ह्या घरात ऱ्हायाचा न्हाय." भोक पडलेला भोपळा कुणा पोराच्या पाठीला बांधता येत नाही. घरटी झाली, ती त्यातून झाली.

भोपळे भिजवून, त्यांच्यावर चढलेली काळी बुरशी ती करवंटीनं खरवडायची. खालून पितळेसारखा पिवळा रंग निघायचा. मग ट्रंकेतून ताईचं बाळपणीचं चांदीचं वाळं निघायचं. ते भोपळ्याच्या पोटावर ठेवून त्याच्याभोवती कोळशानं गोल ओढायचा. एवढंच दार चिमणीला पुरतं, हे तिला कसं कळलं होतं कोण जाणे. तापलेल्या दाभणानं त्या रेघेवर भोकं पाडायची आणि मधली चकती सुरीच्या टोकानं उचलायची. जळक्या सालीचा कडवट धूर कपड्यांत दोन दिवस राहायचा. वाकवलेल्या तारेनं आतल्या बिया ओढणं माझ्याकडे होतं. प्रत्येक वेळी तार आत घालताना मला वाटायचं, आतून कुणीतरी तिचं टोक धरील.

घरटी पेरूला, जांभळीला, शेजारच्या कुंपणाला लागली. शेजारच्या काकू हसायच्या. "वैनी, लोक भोपळ्याची भाजी करत्यात, तुमी बंगलं बांधतायसा!"

"तुमच्यात भाडेकरू टिकत न्हाईत," आई म्हणायची. "माझ्यात टिकत्यात. भांडत बी न्हाईत."

ती हसायचीही. पण वैशाखात आडवा वारा सुटला की रिकाम्या घरट्यांच्या तोंडांवरून जाताना तो घुमायचा. 'ऊं' असा, गृहपाठ करताना हाक मारली की ताई मान वर न करता ओ द्यायची त्या सुरात. आईचे हात तेवढ्यापुरते थांबायचे. ती काय ऐकते आहे हे मी कधी विचारलं नाही. कधी त्या काळ्या गोलातून अचानक चिमणीचं डोकं बाहेर यायचं आणि तिची नजर सरळ माझ्यावर असायची. मी घरात निघून जायची.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आलेल्या पोत्यात पहिल्यांदाच एक पोस्टकार्ड निघालं. अक्षर दुसऱ्याच कुणाचं. आईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. 'आक्का, नजर गेली. आता येल माझा मला दिसत न्हाय. ह्या बारीचं भोपळं हातानं चाचपून तोडलं. एकदा येऊन जा.'

"म्होरं?"

"एवढंच आहे."

तिनं कार्ड घेऊन पोत्याखाली सारलं आणि दाभण निखाऱ्यात घातलं.

"आई, जा की."

"कुणाकडं? मला भाऊ न्हाय."

बारा वर्षं मी जे गिळलं होतं ते त्या वाक्यानं घशाशी आलं. एक आंधळा झालेला माणूस माझी गाठ स्वतःच्या नावावर घेऊन वेल चाचपत होता, आणि मी त्याच्या भोपळ्यांतून बिया काढत बसले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आई शिरोळला गेली. भाऊबीज कित्येक महिने लांब होती, तरी पिशवीत निरांजन होतं, हळदीकुंकवाची कुयरी होती. पण ते नंतरचं. त्या दुपारी धुरानं डोळे चुरचुरत होते आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"ती दोरी मामानं बांधली नव्हती. मी बांधली होती. रिबिनीची गाठ."

आईनं दाभण बाहेर काढलं. त्याचं लाल टोक काळं होईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, रागही नव्हता. इतकी वर्षं उभं राहून अखेर खाली बसायला मिळालेल्या बाईचा थकवा होता.

"ठावं," ती म्हणाली.