रिकाम्या गावातली हजेरी

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते निव्वळ करमणूक म्हणून. आयुष्यभर सरकारी खात्यात बंधाऱ्यांची कामं केली. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. आजही भुताखेतांवर माझा विश्वास बसलाय असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट मी कुणालाच खरी सांगितलेली नाही... बायकोलासुद्धा नाही, आणि ती आता राहिली नाही. म्हणून लिहितो आहे. माणसांची नावं बदलली आहेत, गावाचं नाव देत नाही.

२००१ साली माझी कोल्हापूरहून मालवण तालुक्यात बदली झाली. दोनच वर्षांचा प्रश्न होता. मुलगी प्राजक्ता दहावीत जाणार होती, मुलगा निखिल आठवीत. सुधा, माझी बायको, म्हणाली, "दहावीचं वर्ष आहे. एक तर आम्हाला इथंच राहू द्या, नाहीतर मालवणात बाजाराजवळ घर बघा. शाळा, क्लास सगळं हाताशी."

आम्ही चौघं मालवणला जाऊन आलो. मासळीबाजारामागे दोन खोल्या मिळत होत्या. खाली रिक्षांचे हॉर्न, वर सुक्या मासळीचा वास. मी नाक मुरडलं. प्राजक्ताने मात्र शाळेच्या पायऱ्यांवरच दोन मैत्रिणी केल्या होत्या. "बाबा, इथंच घ्या ना... क्लासला जायला पण सोबत आहे."

मला साइटजवळच्या खाडीकाठच्या गावात एक घर आवडलं होतं. अंगण, विहीर, माड, आणि शाळा पाणंदीच्या पलीकडे. मी म्हटलं, "मुलांना अभ्यासाला शांतता लागते."

"शांतता तुम्हाला लागते," सुधा म्हणाली. "तिला मैत्रिणी लागतात."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन गावातलं घर ठरवून आलो.

सहामाहीत प्राजक्ताचे मार्क घसरले. सुधाने प्रगतिपुस्तक माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "शांतता बरीच मिळालेली दिसते." ते मला फार लागलं. पूर्वपरीक्षेत पोरीचे मार्क वर आलेच पाहिजेत, असं मी मनाशी ठरवलं. तिच्यासाठी नाही — माझा निर्णय बरोबर होता हे दाखवण्यासाठी.

डिसेंबरात गावाने देवाला कौल लावला आणि गावपळण ठरली. वाचकांपैकी काहींना ही प्रथा माहीत असेल. काही वर्षांनी एकदा तीन दिवस सगळा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. खाडीपलीकडे माडाच्या झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात. शाळा बंद, दुकानं बंद, घरांना कुलपं.

घरमालकीण जनाकाकी आम्हाला बोलवायला आली तेव्हा मी हसलो. म्हटलं, "काकी, आम्ही दोन वर्षांचे पाहुणे. आम्हाला कशाला यात ओढता?"

"सायबानू, तीन दिस गाव आमचो नसता. दिसाचापन हद्दीच्या आत पाय घालू नकात."

"मग कुणाचा असतो?"

"जेंचो आसा, तेंचो," काकी हसत म्हणाली. "आमीव भाड्यानच रवतंव, तुमच्यासारखी!"

गेलो. मुलांना तर ती सहलच वाटत होती. प्राजक्ता वर्गातल्या मुलींच्या घोळक्यात रमली — मासे भाजणं, गाणी, फुगड्या. त्या गावात ती इतकी मोकळी हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि मला काय दिसत होतं? मला दिसत होती न उघडलेली पुस्तकं.

दुसऱ्या दिवशी सुधा निखिलचा दात दाखवायला त्याला घेऊन मालवणला गेली. मी प्राजक्ताला म्हटलं, "चल. घरी बसून दुपारभर अभ्यास कर. इथं काही होणार नाही."

"बाबा, काकींनी सांगितलंय..."

"काकी पेपर लिहिणार आहेत का तुझा?"

पुस्तकं घेऊन ती स्कूटरवर बसली. पूल ओलांडून आम्ही आत गेलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. गाव इतकं गप्प मी कधीच पाहिलं नव्हतं. कुत्रं नाही, कोंबडं नाही, धूर नाही. तिला घरात सोडून मी साइटवर गेलो.

उन्हं कलायच्या आत परत आलो. घराचं दार उघडं, पुस्तकं ओटीवर, पोरीचा पत्ता नाही. शोधत निघालो, तर ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. चेहरा पांढरा पडलेला.

"बाबा, शाळा भरली होती."

"काय बडबडतेस?"

"टोल झाला म्हणून बघायला आले. वर्ग भरलेला होता. ओळखीचं कुणीच नव्हतं... पण सरांनी माझं नाव घेतलं. मी हजर म्हटलं."

मी रागावलो. "अभ्यास टाळायला काहीही सांगतेस," असं म्हणून तिला स्कूटरवर बसवलं. किक मारणार इतक्यात टोल वाजला. शाळेच्या दारांना कुलपं होती, ती मला समोर दिसत होती. आणि आतून हजेरी ऐकू येऊ लागली. एका पुरुषाचा संथ आवाज, नावामागून नाव, आणि मुलांची उत्तरं. मग प्राजक्ताचं नाव, पूर्ण, माझ्या नावासकट.

"हजर."

तो माझ्या मुलीचा आवाज होता. मी मान वळवून पाहिलं. ती माझ्या मागेच बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

मी खिडकीतून आत डोकावलो नाही. तिथून पळालो.

पुलाजवळ माणसं जमली होती, त्यांत सुधाही होती. जनाकाकी कपाळावर हात मारून घेत होती. कोण गेला आत, कोणी नेला, असा एकच गलका. मी म्हणालो, "ही न सांगता घरातलं गाइड आणायला गेली. मी हिला शोधून आणलं."

प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. सुधाने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. तरी ती काही बोलली नाही.

त्यानंतर ती बोललीच नाही. जानेवारीत बाई हजेरी घ्यायच्या, ही बाकावर बसलेली असायची, पण उत्तर द्यायची नाही. बाई घरी येऊन समजावून गेल्या, काही उपयोग झाला नाही. बोर्डाच्या परीक्षेत कोरा पेपर देऊन आली. मी बदली रद्द करून घेतली आणि आम्ही कोल्हापूरला परतलो. खूप डॉक्टर झाले. कुणी परीक्षेचा ताण म्हणालं, कुणी घर-शाळा बदलल्याचा धक्का. ती जेवते, कपड्यांच्या घड्या घालते, झाडांना पाणी घालते. बोलत नाही.

डॉक्टरांना मी अर्धंच सांगितलं होतं. वाचकांतला कुणी म्हणेल, बापाने सगळ्यांसमोर खोटं पाडल्यावर पोर आणखी काय करणार? खरं आहे. मीही स्वतःला तेच सांगतो. पण मग तो आवाज?

सुधा गेली त्या आजारपणात एकच म्हणायची, "मी मारायला नको होतं हो तिला." मी तिच्या उशाशी बसलेला असायचो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी गावपळण असल्याचा जनाकाकीचा फोन आला. मी प्राजक्ताला घेऊन गेलो. काकी खूप थकली आहे. पोरीला झोपडीत तिच्याजवळ बसवून, "जरा फिरून येतो," म्हणून मी पूल ओलांडला. शाळेपर्यंत चालत गेलो. या वेळी खिडकीतून आत पाहिलं. रिकामे बाक, फळ्यावर अर्धवट पुसलेला सुविचार. बराच वेळ उभा राहिलो. टोल नाही, आवाज नाही. शेवटी मीच ओरडलो, "तिला मी आणलं होतं! तिचं नाव काढा, माझं घाला!" काहीच झालं नाही. मग तिलाच हाक मारली. पूर्ण नावाने, हजेरीत घेतात तशी. उत्तर आलं नाही.

परतलो तर काकी पुलाकडे लगबगीने येत होती. "सायबानू, तुमचा चेडू, प्राजक्ता, बोलला! हातातला ताट खाली ठेवल्यान नि 'हजर' म्हणाला. कोणी हाक मारूक नाय, काय नाय!"

"कधी?"

"आत्ताच ओ, वाईच झाला."

शाळेपासून त्या झोपड्या इतक्या लांब की तिथवर माणसाची हाक पोचणं शक्य नाही. माझी हाक तिला ऐकू गेली, की मला ऐकू न येता आतल्या कुणीतरी पुन्हा तिचं नाव घेतलं?

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि काकीच्या देखत सगळं खरं सांगितलं. काकीने प्राजक्ताच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "ह्या तिच्या आवशीक सांगूक व्हया होता, सायबानू." आवस म्हणजे आई. प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पुलावर पाहिलं होतं तसंच, आणि ताट उचलून जेवू लागली.

मला यातलं काहीच उलगडलेलं नाही. हल्ली रोज दुपारी मी माझ्या खोलीतून तिला पूर्ण नावाने एकदा हाक मारतो आणि थांबतो. बाहेर घड्या घालणारे तिचे हात थांबल्याचं कळतं.

मग पुन्हा कपड्यांचा आवाज सुरू होतो.