घराला खांदा

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यानं म्हटलं त्यानं बांधलेलं घर हलवून पाहिलेलं नसणार. जुमरियाला विचारा, ती सांगेल.

गेल्या पावसाळ्यात नदीनं तिच्या परसातल्या केळी नेल्या. मग कोंबड्यांचं खुराडं नेलं, कोंबड्यांसकट. आता काठ मागच्या खांबाच्या इतका जवळ आला होता की सासूबाई खिडकीतून पान थुंकल्या तर ते थेट वालानाए नदीत पडायचं. या सासूबाई म्हणजे इंदो साक्का; इंदो म्हणजे आई, सगळं गाव त्यांना तसंच म्हणायचं. "बघ गं, किती सोय झाली!" म्हणायच्या. म्हातारीला सगळ्यातच गंमत वाटायची. जुमरियाला मात्र काठाचं ढेकूळ पाण्यात पडल्याचा डुबुक आवाज आला की हातातलं काम थांबायचं. घर चांगलं होतं हो. सासऱ्यानं उभं केलेलं, उंच खांबांवरचं, सगळं लाकडी, मधोमध तो जाड खांब, ज्याला आम्ही घराची बेंबी म्हणतो. त्या घरात सहा माणसं राहत होती, आणि ती सहाच्या सहा एका छपराखाली राहावीत एवढंच जुमरियाचं मागणं होतं.

नवरा ताहांग. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी तो समुद्रापलीकडे परदेशात, तावाऊला गेला, पामच्या मळ्यावर. मधेमधे ईदला यायचा, एक पोर देऊन परत जायचा. असं करता करता जवानी तिकडेच संपली. शेवटी मळ्यात पडला, कंबर धरली, आणि मालकानं घरी पाठवून दिलं. येताना तीन कोटी रुपया घेऊन आला. ऐकायला काय दणदणीत वाटतं! पण आमचा रुपया हलका; तेवढ्यात एक नवी मोटारसायकल येते आणि वर वर्षाचा तांदूळ.

त्या तीन कोटीत कुठे जायचं, हा प्रश्न होता. रोज संध्याकाळी ताहांग जिन्यावरच्या ओसरीत चटई टाकून बसायचा आणि बसल्या जागी बिऱ्हाड हलवायचा.

"सेंगकांगला जाऊ. थोरल्या मिर्नाची शाळा तिथेच आहे. एक खोली घेऊ भाड्यानं."

"एका खोलीत सहा जण? आणि इंदोंना कुठे ठेवायचं, खुंटीला?"

"मग पारेपारे. बंदरात काम मिळतं."

"तुमच्या कमरेला विचारलंत का? गोणी उचलेल म्हणते का ती?"

"मग सगळेच तावाऊला चला."

"कागद आहेत का सगळ्यांचे? तिकडच्या शाळेत घेतात का आपली पोरं? तुम्हीच सांगत होतात ना, पोरं मळ्यातच गळलेली फळं वेचत मोठी होतात म्हणून?"

ताहांग चटईच्या काड्या उपसायचा. मग जुमरिया हळूच आपल्या मनातलं काढायची. तिचा भाऊ डोंगराकडच्या गावात होता. जागेचा एक कोपरा देतो म्हणत होता, फुकट. "मेव्हण्याच्या दारात घर मांडू?" ताहांग उसळायचा. "लोक काय म्हणतील? एवढी वर्षं परदेशात राहिला आणि शेवटी बायकोच्या माहेरी पडला?"

"आणि आत्ता नदीच्या दारात मांडलंय, ते फार शोभून दिसतंय?"

बोलून गेली, आणि लगेच तिला वाईट वाटलं. अब्रू सोडली तर त्या माणसाकडे उरलं होतं काय? शिवाय एक खरंच होतं. डोंगराकडे न्यायचं तर घर मोडून न्यावं लागणार, सुतार लागणार, आणि इतकं जुनं लाकूड सांध्यातून सोडवलं की निम्मं फाटतं. माणसांच्या खांद्यांवर आख्खं उचलून न्यायला ते गाव फार लांब. घर जातं तेवढंच लांब जिथवर माणसांचा दम पुरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

असे चार महिने गेले. एका दुपारी मागच्या दाराचा जिना नदीत गेला. कोणी उतरत नव्हतं म्हणून बरं. त्याच संध्याकाळी ताहांग गावातल्या एका विधवा बाईकडे गेला आणि तिची वरच्या रस्त्याकडची जागा घेऊन आला. जागा लहानशी, पण उंचावर, आणि आपल्याच गावात. तीन कोटी सगळे गेले, खिळ्यांपुरते उरले. पण जुमरियाला त्या रात्री शांत झोप लागली. ठरलं एकदाचं, असं तिला वाटलं.

दुसरीकडे खांदा मेलेल्याला देतात. आमच्यात तो घरालाही देतात. जुम्म्याची नमाज झाली की गावातले पुरुष येतात, घराखाली बांबू बांधतात, आणि शंभरभर माणसं आख्खं घर, भांडीकुंडी आत ठेवून, उचलून चालू लागतात. मजुरी नाही, काही नाही. खायला घालायचं, बस्स. पण त्याचा एक हिशेब असतो, आणि तो कुणी लिहून ठेवत नाही, सगळ्यांच्या डोक्यात असतो. तू माझ्या घराला आलास, मी तुझ्या घराला येईन. आणि बोलवायला स्वतः दारोदार जावं लागतं. ताहांग दोन घरं फिरला आणि तोंड पाडून परत आला. मग जुमरियानं डोक्यावरून ओढणी घेतली आणि ती निघाली.

पहिल्यांदा रुम्पांगकडे. घर उचलताना हाळी देणारा हाच; मानानं त्याला दाएंग, म्हणजे दादा, म्हणायचं. गडी मोठा, जीभ त्याहून मोठी. त्याच्या ओसरीवर चारपाच जण कॉफी पीत बसले होते.

"ये जुमरिया. घर हलवताय म्हणे? ताहांगचा खांदा आला का परत, की तावाऊलाच ठेवून आलाय?"

सगळे हसले. जुमरियाही हसली. गरजवंताला अक्कल नसते, आणि असली तरी ती दाखवायची नसते.

"आला ना, दाएंग. जुम्म्याला तुम्हीही यायचं, सगळ्यांना घेऊन."

"माझं घर हललं तेव्हा कुठे होता तो? माझ्या भावाचं हललं तेव्हा? या बसलेल्यांपैकी एकाच्या तरी घराखाली त्याचं डोकं दिसलंय का कुणाला?"

"मी होते की. प्रत्येक घराला होते. चुलीपुढे."

"ते कबूल! तुझ्या हातचा बारोंगको म्हणजे काय सांगावं!" त्यानं बोटं चाटल्यासारखं केलं. "पण घर काय केळ्याच्या गोडावर उचलतात, बाई?"

पुन्हा हशा. जुमरियाला त्या सगळ्या चुली आठवल्या. किती घरं झाली असतील! पहाटेपासून केळी कुस्करायची, पानात बांधायची, उकडायची, नारळाच्या दुधातला भात, शंभर माणसांचे मासे भाजायचे, धुरानं डोळे सुजेपर्यंत. ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. खातात तेव्हा तोंडभर वाखाणतात, हिशेबाच्या वेळी मात्र खांदा मोजतात. तिला फार राग आला. पण राग घेऊन जाणार कुठे? मागे नदी होती.

"तुझ्या सासऱ्यासाठी येईन," रुम्पांग शेवटी म्हणाला. "त्या माणसानं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. बाकीच्यांचं मी सांगत नाही."

जुम्मा आला. जुमरियानं शंभर जणांचा स्वयंपाक मांडला होता. गावच्या बायका झाडून सगळ्या आल्या, न बोलावता. पुरुष मात्र मोजावे लागलेच नाहीत, नजरेत मावत होते. धडधाकट गडी कोण मोरोवालीच्या कारखान्यांत, कोण तावाऊत. आणि गावात होते त्यांतल्या पुष्कळांना नेमकं त्याच दिवशी काम निघालं. आले ते म्हातारे, शाळेतली पोरं, आणि सासऱ्याचं मीठ आठवणारे थोडे.

"लावा खांदा!" रुम्पांगनं हाळी दिली. "उचल... हो!"

घर कुरकुरलं आणि जागच्या जागी राहिलं.

खिडकीतून इंदो साक्कांनी डोकं काढलं. त्या उतरायलाच तयार नव्हत्या, बेंबीच्या खांबाला धरून आत बसल्या होत्या. "काय रे, जेवून नाही आलात?"

"इंदो, उतरा खाली! तुमच्यामुळेच जड झालंय!" रुम्पांग म्हणाला.

"मेल्या, माझं वजन तुझ्या मिशीएवढं तरी आहे का?"

हसण्यात दुसरी हाळी वाया गेली. तिसऱ्यांदा घर एका बाजूनं वीतभर उठलं आणि बसलं. जुमरिया चुलीपाशी उभी होती. पुढच्या बांबूखाली तिला ताहांग दिसला. चेहरा काळानिळा पडलेला, दात आवळलेले, एक हात कमरेवर. या माणसानं आयुष्यभर परक्याच्या मळ्यातले पामचे घड उचलले, आणि स्वतःच्या घराखाली असा उभा. पळी तिनं पातेल्यात टाकली आणि तरातरा जाऊन त्याच्या शेजारी बांबूला खांदा लावला.

"जुमरिया! बाजूला हो!" रुम्पांग ओरडला. "हे बायकांचं काम नाही!"

"मग पुरुष आणा!" ती ओरडली. "आणा ना! कुठे आहेत?"

मग मागून वरच्या शेतवाल्या हाजी लांताराची बायको आली, तिच्या मागून सुना आल्या, आणि बघता बघता चुलीपाशी मांजरांशिवाय कुणी उरलं नाही.

"उचल... हो!"

आणि उठलं! अहो, खरंच उठलं! खांब दगडांवरून सुटले, आत भांडी खणखणली, म्हातारी "या अल्ला" म्हणून किंचाळली आणि मग हसत सुटली. घर चालायला लागलं. बायका ओरडत होत्या, पोरं ओरडत होती. जुमरियाच्या खांद्यातून कळा येत होत्या आणि ती रडत होती, आनंदानं, उघड उघड. गल्ली पार झाली. वरचा रस्ता समोर दिसत होता. मध्ये फक्त हाजी लांताराचं कापणी झालेलं भातशेत होतं. अर्धं शेत पार झालं, आणि बांधावर चढताना मागचा बांबू फाटला.

आवाज मोठा नव्हता. घराची मागची बाजू खाली आली, मग पुढचीही. बेंबीचा खांब बुडापासून हातभर चिरला. माणसं वेळेवर बाजूला झाली म्हणून कुणाला लागलं नाही, एक ताहांग सोडून. तो कंबर धरून चिखलात बसला तो उठेना.

"आज नाही होत आता," रुम्पांग म्हणाला. यावेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "पुढच्या जुम्म्याला बघू."

घर तिथेच शेतात राहिलं, आणि सहाही जण त्यात. पुढच्या जुम्म्याला निम्मेच आले. त्याच्या पुढच्याला रुम्पांग एकटाच आला आणि पायरीवर बसून कॉफी पिऊन गेला. तोवर गावात बोललं जाऊ लागलं होतं की बायकांनी हात लावला म्हणून घर बसलं. ज्या बायकांनी हात लावला त्यांच्याच नवऱ्यांनी त्यांना पुन्हा येऊ दिलं नाही. जुमरियानं हे ऐकलं आणि ऐकून घेतलं. कुणाकुणाशी भांडणार?

सुतार येऊन बघून गेला. घर सोडवून वर नेऊन जोडायचं तर त्यानं जवळपास जागेच्या किमतीएवढेच पैसे मागितले. म्हणजे जागा विकायची. आणि जागा विकली तर सोडवलेलं घर ठेवायचं कुठे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताहांग झोपल्या झोपल्या छताकडे बघायचा. संध्याकाळचं बिऱ्हाड हलवणं बंद झालं होतं. ते बंद झाल्याचंच जुमरियाला जास्त भय वाटायचं.

मग हाजी लांतारा आला. देवमाणूस. खाली उभा राहून घसा खाकरला.

"मी जा म्हणत नाही हो. माणसानं माणसाला असं म्हणू नये. पण लावणी आली. पाणी सोडावं लागेल. सगळ्यांचं सुटतंय, माझं एकट्याचं कसं थांबवू?"

"सोडा, हाजी," जुमरिया म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पाणी सुटलं. चारी बाजूंनी भात लावला गेला, घराच्या खांबांपर्यंत. मिर्ना बूट हातात घेऊन चिखलातून शाळेला जाऊ लागली. पुढच्या हंगामाचं हाजी काही बोलला नव्हता, पण न बोललेलंही कळतंच. आणि वरच्या रस्त्याकडची ती उंच जागा ओसरीतून रोज दिसायची, रिकामी, ओरडून बोलावलं तर ऐकू जाईल इतकी जवळ.

अखेर ताहांगनं पिशवी भरली. तावाऊच्या मळ्यावर रखवालदाराचं काम होतं, बसून करायचं. पैसे कमी, पण सुताराचे साठले असते वर्षा-दोन वर्षांत. इंदो साक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि, आश्चर्य म्हणजे, एकही विनोद केला नाही. जुमरिया बांधावरून त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेली. दोघं गाडीची वाट बघत उभे राहिले. समोर भातात घर उभं होतं, एका बाजूला जरासं कललेलं.

"पैसे पाठवीन," तो म्हणाला.

"हो."

"आधी सुताराला दे."

"हो."

गाडी दिसली. त्यानं पिशवी उचलली, मग पुन्हा खाली ठेवली.

"जुमरिया, मी परत येईन तेव्हा कुठे येऊ?"

तिनं घराकडे बघितलं. वरच्या जागेकडे बघितलं. भाऊ, सेंगकांग, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"निघायच्या आधी फोन करा," ती म्हणाली. "तेव्हा कुठे असू ते सांगेन."