निळा फ्यूज

हे कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं ते माझे बाबा तर तीन वर्षांपूर्वी गेले. मी शाळेत विज्ञान शिकवते. तोंडावर बोलणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे — मॅडमच्या पोटात काही राहत नाही, असं स्टाफरूममध्ये म्हणतात. राहतं. अकरा वर्षं राहिलं आहे.

कुठून सांगू? गाडीपासूनच सांगते.

बाबांचा एक जुना छोटा पिकअप होता. मिरचीच्या दिवसांत ते भिवापूरहून पोती भरून आणत, एरवी भाजी, मंडपाचं सामान, मिळेल ते. तिकडून पहाटे अंधारातच निघावं लागे. उमरेडच्या त्या बाजूला रस्त्याला जंगल आहे. त्या हिवाळ्यात एक रोही — नीलगाय हो — अचानक काचेसमोर उभा राहिला. बाबा वाचले, रोहीही वाचला. गाडीचे मूळचे दिवे म्हणजे कंदीलच. तेव्हा ठरलं, पुढच्या बंपरवर दोन जादा हॅलोजन लावायचे.

लावले दौलतकाकांनी. आमच्या वस्तीच्या तोंडाशी, जरीपटक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिकअपवाल्यांचा स्टँड आहे. तिथे कडुनिंबाखाली त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं टिनाचं शेड होतं. शिक्षण चौथी. बाबांची आणि त्यांची तीस वर्षांची दोस्ती. काम झालं की ते भर उन्हात दिवे लावायचे, काचेसमोर तळहात धरायचे आणि हात किती तापतो ते बघून मान डोलवायचे. आणखी एक खोड होती. वायरीला टेप गुंडाळली की शेवटचं टोक ते थोडं दुमडून ठेवत. उद्या दुसऱ्या कुणाला उघडावी लागली तर नखाने कोपरा शोधत बसायला नको, म्हणून.

दिवे लागले त्या दिवशी स्टँडवर चेष्टा चालली होती.

"काय गा सोनबा, गाडीले चश्मा लावून राहिला का?"

"म्हातारी झाली बाप्पा," बाबा म्हणाले, "मोतीबिंदू झाला होता तिले."

मीही तिथेच होते. हसत होते. माझा बी.एस्सी.चा निकाल लागून काही महिनेच झाले होते.

हे सांगायला हवं, कारण सगळं इथूनच आहे. आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेली मी पहिली. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. नातीने भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवली. मला अभिमान आहे. तेव्हाही होता, आताही आहे, तो मी लपवत नाही. वस्तीत कुणालाही कागद आला की माझ्याकडे येई. विजेचं बिल, कोर्टाची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर. मी जे वाचून सांगे ते खरं. मला सगळे बाईच म्हणत. बाईने सांगतलं — विषय संपला.

तुम्हाला कधी अशी किंमत मिळाली आहे का? की तुम्ही बोललात आणि समोरच्याने पुढे विचारलंच नाही? फार गोड लागतं ते. आणि फार लवकर सवय होते.

पंधरा दिवसांनी नव्या दिव्यांचा फ्यूज गेला. दौलतकाकांनी दुसरा लावला. पंधरा अँपिअरचा, निळा. फ्यूजचे रंग ठरलेले असतात : पंधराचा निळा, तीसचा हिरवा. ते गाडीखाली शिरले, खाटखुट केलं, म्हणाले की तार कुठं तरी दबून राहिली असं वाटते, बंपर खोलून पाहावं लागन. पण त्याच दिवशी त्यांना भाचीच्या लग्नाला भंडाऱ्याकडे जायचं होतं. चार दिवसांनी येतो म्हणाले. जाताना मला आणि बाबांना बजावून गेले — "पुन्हा गेला तं जादा लाइट लावूच नका. फ्यूज गेला म्हणजे तो काई तरी सांगून राहिला. त्याचं तोंड दाबायचं नाई."

मला ते वाक्य अडाणी वाटलं. आज वर्गात मी यापेक्षा चांगलं वाक्य सांगू शकत नाही.

दोनच दिवसांनी फ्यूज पुन्हा गेला. बाबांना पहाटेची खेप होती. ते म्हणाले, "दौलत येऊ दे वं. दोन दिवसाचा तं सवाल आहे." आणि मी म्हणाले, "काहून थांबायचं? मी तीन वर्षं काय शिकली मग?"

दुपारची वेळ होती. मी वहीच्या पानावर हिशेब मांडला. पंचावन्न वॅटचे दोन दिवे, बारा व्होल्टची बॅटरी — करंट नऊच्या वर थोडा. म्हणजे पंधराचा फ्यूज पुरेसा होता. माझाच हिशेब दौलतकाकांना बरोबर ठरवत होता! पण मग फ्यूज का जातो? दबलेली तार शोधायची तर गाडीखाली शिरावं लागलं असतं, हात काळे करावे लागले असते. मला पुस्तकातलं आठवलं — दिव्याची तार थंड असताना तिचा रोध कमी असतो, म्हणून लावताक्षणी करंट जास्त ओढला जातो. वा! सापडलं कारण. बाबांच्या सुट्या सामानाच्या डब्यात एक हिरवा फ्यूज होता. मागे बॅटरीजवळच्या फ्यूजच्या डबीवरची टेप दुमडलेलं टोक धरून ओढली, एका झटक्यात सुटली. जळालेला निळा काढून डॅशबोर्डच्या खणात टाकला आणि हिरवा लावला. दिवे लागले. कोणता लावला ते बाबांनी विचारलं नाही. शेजारी उभ्या असलेल्याला म्हणाले, "माही पोट्टी म्हणते तं बराबरच असन."

पुढचं मी बघितलेलं नाही, बाबांनी सांगितलेलं आहे. परतीच्या वाटेवर केबिनमध्ये जळका वास आला. त्या गाडीची बॅटरी मागे चासीला. तिथून निघालेली जादा दिव्यांची तार केबिनखालून, डॅशबोर्डमागून, मोठ्या दिव्यांच्या वायरींसोबत बांधून पुढे नेलेली. पंधराचा फ्यूज असता तर तो केव्हाच उडाला असता आणि नुसते जादा दिवे विझले असते. तीसचा उडाला नाही. तार तापत गेली, शेजारच्या वायरी वितळल्या, आणि जंगलात, भरल्या गाडीचे सगळेच दिवे एकदम गेले. बाबांनी अंदाजाने गाडी कडेला घेतली. डॅशबोर्डखाली धूर बघून उजवा हात घातला आणि ती तार मुठीत धरून उपटली. वितळलेलं प्लास्टिक तळहातात बसलं. दोन बोटं पुढे कधी उघडलीच नाहीत. त्या हाताने त्यांनी पुन्हा स्टेअरिंग धरलं नाही. पुढे गाडी विकली.

थांबा — कबुली ही नाही. इथपर्यंतची तर चूक आहे. चूक माणसाकडून होते, असं म्हणून मला कुणीही जवळ घेतलं असतं. बाबांनी तर नक्कीच.

गाडी साखळीने ओढून स्टँडवर आणली होती. बाबा दवाखान्यात. गाडीचे कागद आणायचे म्हणून भर दुपारी मी एकटी तिथे गेले. कागद घेतले. मग मागे जाऊन फ्यूजची डबी उघडली. हिरवा फ्यूज तसाच होता — अख्खा, चकचकीत. मी तो काढून पर्समध्ये टाकला. खणातला जळालेला निळा घेतला आणि त्याच्या जागी बसवला. टेप गुंडाळली. आणि टेपचं टोक दुमडून ठेवलं. त्यांच्यासारखं.

दौलतकाका लग्नाच्याच कपड्यांत दवाखान्यात आले होते. दोन दिवस बाबांना स्वतःच्या हाताने भरवत होते. तिसऱ्या दिवशी बाबांना सोडलं, आणि घरी जाण्याआधी बाबांनी गाडी बघायचा हट्ट धरला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, हात गळ्यात बांधलेला. दहा-बारा पिकअपवाले भोवती. दौलतकाकांनी डबी उघडली, जळका निळा फ्यूज बाहेर काढला आणि बराच वेळ उलटापालटा करून बघत राहिले.

"बाई, तू कोणता लावला होता?"

"निळाच, काका. पंधराचा."

"मंग फ्यूज गेला तं तार कशी जळन वं?"

तिथे उभ्या असलेल्यांत दोघांनाच कळत होतं की हा प्रश्न बिनतोड आहे. त्यांना आणि मला. ते मला पकडत नव्हते. खरोखर विचारत होते, शिकलेल्या माणसाला विचारतात तसं. आणि बाबा म्हणाले, "हो बाई, तूच सांग. तुले समजते."

मी सांगितलं. तार हलक्या दर्जाची वापरली, काका. तिची कपॅसिटी कमी होती. फ्यूज जायच्या आधीच इन्सुलेशन गेलं. हे सगळं मी इंग्रजी शब्द घालून बोलले. कारण मला ठाऊक होतं, त्या शब्दांपुढे तिथे कुणी बोलणार नाही. दौलतकाकांनी जळक्या तारेचा तुकडा उचलला, चिमटीत चोळून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. त्यांना माझं पटलं.

बाबांनी मान फिरवली. तीस वर्षांची दोस्ती तिथे, त्या खुर्चीवर संपली.

मी असं का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी कबूल केलं असतं तर स्टँडवरचे म्हणाले असते, शिकवा अजून पोरींना. वस्तीतल्या दहा मुलींचं कॉलेज अडलं असतं. किती छान कारण आहे ना? खोटं आहे. त्या दुपारी माझ्या मनात एकही मुलगी नव्हती. मला चुकलेलं दिसायचं नव्हतं. एवढंच.

स्टँडवाल्यांनी दौलतकाकांकडे काम देणं कमी केलं. पण शेड त्यामुळे बंद झालं नाही. स्वतः दौलतकाकांनी बंद केलं. केलेलं काम ते पुन्हा उघडून बघत, झालेली गाडी सोडत नसत, दुपारभर एकच जोड तपासत बसत. मी शाळेत जाता-येता ते पाहत होते. एक दिवस शेडला कुलूप दिसलं. ते एका मंगल कार्यालयात चौकीदार झाले होते.

बाबांनी शेवटच्या आजारपणात एकदा विचारलं, "दौलतनं अशी तार काहून लावली असन वं? त्याचं काम तसं नव्हतं." राग नव्हता त्यात. इतकी वर्षं त्यांना ते कोडंच सुटलं नव्हतं. तोंड उघडायला यापेक्षा चांगली वेळ कोणती असते? मी त्यांच्या पायावर पांघरूण घातलं आणि म्हणाले, "चुकतो माणूस, बाबा. द्या सोडून." माझ्या चुकीची माफी मी त्यांच्याकडून दौलतकाकांना मिळवून दिली. बाबांनी मान हलवली. पोरगी किती समजूतदार, असंच वाटलं असेल.

दरवर्षी दहावीच्या वर्गात मी फळ्यावर फ्यूजची आकृती काढते. पुस्तकात त्याला वितळतार म्हणतात. जास्त क्षमतेची वितळतार का लावू नये, हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत टाकते. मुलं बरोबर उत्तरं लिहितात.

मागच्या जूनमध्ये दौलतकाका घरी आले. सोबत नात होती. तिला इलेक्ट्रिकलला प्रवेश घ्यायचा होता, फॉर्म बघून द्या म्हणाले. मी फॉर्म भरला. पालकाचा व्यवसाय या रकान्याशी पेन थांबलं तर ते म्हणाले, "चौकीदार लिही." मी लिहिलं. नात पाणी प्यायला आत गेली तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर सरकले आणि हळू आवाजात म्हणाले,

"बाई, एक बोलायचं होतं. बम वर्षं झाली, धा-अकरा. सोनबाचा हात माह्यानं गेला. त्याले तोंडावर म्हणता आलं नाई, म्हणून तुले म्हणतो. तू त्या दिवशी सांगतलं म्हणून तं मले समजलं. नाई तं अजून कोणाचा हात गेला असता."

ते ज्या टेबलाशी बसले होते त्याच्याच खणात तो हिरवा फ्यूज आहे. माझा हात खणाच्या कडीवर होता. ते माझ्याकडे बघत होते — अपराध्यासारखे.

मी म्हणाले, "असू द्या काका."

त्यांना बरं वाटलं. खरंच वाटलं, खांदे सैल झाले त्यांचे. नात बाहेर आली तसं तिला म्हणाले, "पाह्य, बाईसारखं शिक." मग फॉर्मचं पाकीट बंद करायला माझ्याकडून टेप मागून घेतली, नीट चिकटवली, आणि शेवटचं टोक दुमडून ठेवलं. ऑफिसातल्या माणसाला उघडायला सोपं जावं, म्हणून. दारात जय भीम म्हणाले. मीही म्हणाले.

तार चांगली होती, काका. फ्यूज हिरवा होता. तीसचा. मी लावला होता, आणि काढलाही मीच.