नवव्या ओळीनंतर कोरं

आमच्या कुडपणच्या घराण्याची वंशावळ फक्त थोरल्या काकांना तोंडपाठ होती. वय नव्वदीच्या घरात, डोळे अधू. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला ती छापायची होती, आणि लॅपटॉप माझ्याकडे म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी सुट्टीला माहेरी आले होते. वंशावळीत मुली घेत नाहीत. म्हणजे जिच्यात माझं नाव नाही ती मीच लिहायची. तेव्हा हसू आलं, राग नंतर आला.

लिहायचा प्रोग्राम साधाच. बोललेलं ऐकून टाइप करायला त्याला एक मदतनीस प्रोग्राम जोडला होता. काका बोलत, अक्षरं उमटत. पण आमच्याकडे म्हातारं माणूस काही सांगत असलं की समोरच्याने ‘हूं’ द्यावा लागतो, नाहीतर त्याला तो अपमान वाटतो. मी हूं देत गेले आणि मदतनीस तेही लिहीत गेला. खापरपणजोबांपुढे तीन हूं झाले. वैतागून मी काकांना म्हटलं, तुम्ही आपले यंत्राकडे बोला, आणि पडवीत वाल सोलत बसले.

आतून आवाज येत होता. मध्येच काकांचा सूर उतरला. लहानपणी तापाने गेलेल्या धाकट्या बहिणीबद्दल ते काही सांगत होते. अशी बहीण होती हे घरात कधी कोणी बोललं नव्हतं. यंत्र लिहितंय, मग वाचू, म्हणून मी उठले नाही.

आत जाऊन पाहते तर नवव्या ओळीनंतर कोरं. मदतनीस बंद पडल्याची बारीक सूचना कोपऱ्यात होती. मूळ प्रोग्राम ठणठणीत, कर्सर लुकलुकतोय. शुद्धलेखन तपासणारा, शब्द सुचवणारा, असे आणखी चार मदतनीस मीच हौसेने चालू ठेवले होते. जुन्या लॅपटॉपला ते झेपलं नाही.

मग शहाणपण सुचलं. बाकीचे चारही बंद केले. हा पडला तर घंटी वाजावी आणि तो आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशी सोय केली. शिवाय मोबाइलवर रेकॉर्डिंग. दुसऱ्या दिवशी काकांसमोर बसले, हूं दिले, मागाहून खोडले. मदतनीस दोनदा पडला, दोनदा उठला. पुरुष सगळे ओळीने आले. बहीण आली नाही.

मी विचारलं, "काका, तुमच्या बहिणीचं नाव काय होतं?"

"काल सांगितलं ना गो. पुन्यांदा नाय सांगवत मला."

नाव मी ऐकलंच नव्हतं, हे सांगायची मला लाज वाटली. मी लॅपटॉप मिटला.

शिमग्यानंतर काका गेले. ते नाव आपण कोणाला तरी देऊन ठेवलंय, अशा समजुतीत गेले. ते कोणाकडेच नाही.